तराजूबाहेरचा दगड

मुंबईत जुना जेड स्वस्तात मिळतो असं मी म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई एखाद्या दुकानाचा पत्ता दडवून बोलतेय. दडवण्यासारखं काही नाही. आपल्या नवरत्नांत जेड नाही, इथूनच सगळं सुरू होतं. माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या यांनी नऊ ग्रह वाटून घेतलेत. अलीकडे एखादा ज्योतिषी पाचू परवडत नसेल तर जेड घाला म्हणतो, पण तेही उपरत्न म्हणून, नाइलाजानं. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून सराफ आपल्या मुलाला जेड ओळखायला शिकवत नाही, आणि जी वस्तू ओळखताच येत नाही तिचा भाव कोण करणार?

चीनमध्ये हाच दगड सोन्याच्या वरच्या पायरीवर बसतो. २०१४च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात बार्बरा हटन या अमेरिकी धनाढ्य बाईंची २७ मण्यांची जेडाइटची माळ २ कोटी ७४ लाख डॉलरना गेली. घेतली कार्तिए कंपनीनं, आणि माळेचा माणकं-हिऱ्यांचा फासाही पूर्वी कार्तिएनंच घडवलेला. त्या माळेच्या जातीचा एखादा मणी आपल्याकडे मोडीत आला, तर त्याचं वजन सोन्यातून वजा होतं आणि मणी मालकिणीच्या हातात परत पडतो.

माझी नोकरी ऑपेरा हाउसच्या बाजूला एका रत्नप्रयोगशाळेत झाली. टेबलावर दिवसभर हिरे, पाचू, माणकं. जेड क्वचित यायचा, आणि आला की सगळे तो माझ्याकडे सरकवायचे, कारण त्यात कुणाला रस नव्हता. मला मात्र तो आवडत गेला. शिवाय पगारात संग्रह करायचा तर ज्याच्यामागे कुणी लागलेलं नाही असंच काहीतरी शोधावं लागतं. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. जेड स्वस्त मिळतो तो धंद्या-धंद्यांच्या मधल्या जागेत. सराफाला सोनं कळतं. जुन्या वस्तू विकणाऱ्याला पितळ, शिसवी लाकूड आणि झुंबरं कळतात. लिलाववाल्याला चिनी मातीची भांडी कळतात. जेड या तिघांच्याही हातांतून जातो आणि तिघांच्याही तराजूबाहेर राहतो.

मुळात ज्याला जेड म्हणतात ते दोन वेगळे दगड आहेत. १८६३ साली अलेक्सी दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं बर्माहून आलेला जेड तपासला आणि तो चीनच्या जुन्या जेडपेक्षा निराळा असल्याचं दाखवलं. जुना तो नेफ्राइट: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं सिलिकेट, आतून गुंतलेल्या बारीक तंतूंचं. बर्माचा तो जेडाइट: सोडियम आणि अॅल्युमिनियमचं सिलिकेट, दाणेदार. जेडाइट थोडा अधिक कठीण आणि चांगलाच जड. नेफ्राइट मात्र चिवट. हातोडी मारली तर हिऱ्याचा तुकडा उडेल, नेफ्राइट सहजी दाद देत नाही. म्हणून तर त्याचे कागदासारखे पातळ पेले घासून काढता आले. हो, घासून. जेड छिन्नीनं कोरला जात नाही. कुरुंदासारख्या कठीण खनिजाची पूड ओली करून, चाकावर आणि सुईवर धरून तो झिजवावा लागतो.

संग्राहकाच्या दृष्टीनं या भेदाचा उपयोग असा. मुघल दरबारात वापरला गेला तो आजच्या शिंजियांगमधल्या खोतानचा नेफ्राइट. तिथल्या युरुंगकाश नदीत पांढरा मिळे आणि काराकाशमध्ये काळपट. शहाजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा मद्याचा पेला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका टोकाला दुधीभोपळ्याचा गोल, दुसऱ्या टोकाला रानबकऱ्याचं डोकं. हे हिंदुस्थानी काम इतकं नाजूक होतं की १७५९मध्ये शिंजियांग जिंकल्यावर चीनचा सम्राट च्येनलुंग ते गोळा करू लागला आणि त्यावर कविता करू लागला. तेव्हा मुंबईत जुनी हिंदुस्थानी घडणीची वस्तू हाती आली तर मी नेफ्राइटच्या हिशेबानं बघते. चिनी अंगठीत, ब्रोचमध्ये गर्द हिरवा खडा दिसला तर जेडाइटच्या.

ओळखीची पहिली पायरी हाताची. जेड गार लागतो आणि गरम व्हायला वेळ घेतो. काच पटकन तापते. आकाराच्या मानानं तो जड वाटतो. नेफ्राइटची झिलई काचेसारखी लखलखीत नसते, थिजलेल्या तुपासारखी असते. पण हाताच्या भरवशावर पैसे देऊ नयेत. माझ्या पर्समध्ये आयग्लास, पेनाएवढी टॉर्च, खिशात मावणारा डिजिटल काटा आणि शिवणाचा दोरा असतो. बाकीचं साहित्य दुकानदार पुरवतो, म्हणजे चहाचा काचेचा ग्लास. दगड आधी कोरडा तोलायचा. मग पाणी भरलेला ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात सोडायचा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जो आकडा उमटेल त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. ५० ग्रॅमचा दगड असेल तर नेफ्राइट १७च्या आसपास आकडा दाखवतो, जेडाइट १५, आणि सर्पेंटाइन किंवा अॅव्हेंच्युरिन हे जेडसारखे दिसणारे दगड १९च्या आसपास. हा हिशेब फसवत नाही. मात्र दगड सुटा हवा, सोन्यात बसवलेला नको, आणि भोकात अडकलेले बुडबुडे हलवून काढायला हवेत.

सुरीनं ओरखडा काढून दाखवणारे विक्रेते पुष्कळ. "देखिए मॅडम, एक लाइन नहीं आई।" मी त्यांचा हात धरते. जुन्या वस्तूवर सुरी चालवणं हा गुन्हाच, आणि त्यातून सिद्धही काही होत नाही. अॅव्हेंच्युरिन ही क्वार्ट्झची जात, कठीणपणात नेफ्राइटच्या वर. तीही सुरीला दाद देत नाही. आपल्याकडे 'इंडियन जेड' म्हणून जे विकलं जातं ते बहुधा हेच. आयग्लासखाली त्यात चमकते हिरवे अभ्रकाचे कण दिसतात. रंगवलेला हिरवा ऑनिक्सही जेडच्या नावानं खपतो. खरा जेड हिरवा दगड म्हणून जातो आणि भलताच दगड जेड म्हणून, अशी आपल्या बाजाराची उलटी रीत आहे.

अशी पहिली जागा चोरबाजाराची. तिथे मटण स्ट्रीटला मी शक्यतो सकाळी जाते, शुक्रवार सोडून. शुक्रवारी तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात. दर्शनी मांडलेल्या वस्तूंत मला काही मिळत नाही. तिथे ग्रामोफोन, जहाजांची घड्याळं आणि सिनेमाची पोस्टरं. माझं काम खालच्या ट्रेमध्ये, जिथे झुंबराचे लोलक, ड्रॉवरच्या मुठी आणि अत्तराच्या बाटल्यांची बुचं एकत्र पडलेली असतात. अशाच एका ट्रेमध्ये बोटभर लांबीची, मधे फुगीर, आरपार भोक असलेली राखाडी हिरवी नळी मिळाली. दुकानदार म्हणाला, "बोतल का ढक्कन है।" वर खड्डे पडलेत म्हणून किंमतही पाडूनच सांगितली.

ते खड्डे आयग्लासखाली पाहिले आणि माझं घासाघीस करण्याचं मन उरलं नाही. खड्डे नव्हतेच; फुलांच्या देठांसारख्या आखून काढलेल्या खोबणी होत्या. तळाशी पिवळे कण होते, आणि एका पाकळीत माणकाची चपटी कपची अजून टिकून होती. कुंदनकाम. शुद्ध सोन्याची पत्री खड्याभोवती नुसती दाबून बसवायची, डाख नाही, की आच नाही. म्हणून तर ही पद्धत जेडवर चालते. टॉर्च लावून भोकात पाहिलं तर मधोमध एक बारीक पायरी होती. म्हणजे दोन्ही टोकांकडून हातानं भोक पाडत आणलेलं आणि मध्यावर किंचित चुकलेलं. आजच्या हिऱ्याच्या ड्रिलनं पाडलेलं भोक एकसारखं असतं आणि त्यातल्या रेघाही एकसारख्या. चहाच्या ग्लासात तोलली. कोरडं वजन ३२ ग्रॅम, पाण्यातला आकडा ११च्या जरा खाली. नेफ्राइट. हुक्क्याची मुहनाल, कुण्या शौकिनाच्या ओठांना लागलेली. त्यानं सांगितले तेवढे पैसे मी दिले, पावती घेतली आणि मग त्याला ती वस्तू काय आहे ते सांगितलं. तो हसला. पुढच्या खेपेला त्यानं सर्पेंटाइनचा एक पेला काढून "मुगलों का जेड" म्हणून दणदणीत भाव सांगितला. धंदेवाल्याला शिकवण्याचा हा तोटा आहे, पण तो मला मान्य आहे.

या प्रकारात एक नियम कायम खरा ठरला. जे तुटकं आहे त्यात जेड सापडतो. पातं हरवलेली खंजिराची मूठ, झाकण गेलेली डबी, माणकं गळालेली मुहनाल. धड वस्तू असेल तर ती कुणी ना कुणी ओळखतो आणि ती वरच्या दुकानात जाते. तुटकी वस्तू कुणालाच मांडता येत नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडचं स्वतंत्र दालन आहे. तिथे जहांगीर-नूरजहानच्या नावानं ओळखली जाणारी खंजीर आणि सुरी आहे, शहाजहानची तिरंदाजीची अंगठी आहे. धड वस्तू कशी दिसत होती हे तिथे उभं राहून डोळ्यांत भरून घेतलं, की ट्रेमधला तुकडा कशाचा ते कळायला लागतं. संग्राहकानं बाजारापेक्षा संग्रहालयात अधिक वेळ घालवावा, हे मी नव्यांना पहिल्यांदा सांगते.

इथे एक हिशेब स्पष्ट करायला हवा. मुहनालीसारख्या वस्तूचा लंडनच्या लिलावातला भाव पाहून पुष्कळांचे डोळे विस्फारतात. पण तो भाव माझा नाही. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणजे इथला कमी भाव हा काही प्रमाणात अज्ञानाचा, तर काही प्रमाणात कायद्यानं बांधलेल्या बाजाराचा. मला तो कायदा योग्य वाटतो. खोतानहून आलेला आणि इथल्या कारागिरानं झिजवलेला दगड इथे राहिला तर बिघडलं काय? मात्र 'स्वस्तात घेतला, परदेशात विकून मोठे होऊ' असा मनसुबा असेल तर त्यानं या वाटेला जाऊ नये.

दुसरी जागा सराफाची. जुन्या मुंबईत चिनी जेड कुठून आला हा प्रश्न पडायला नको. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांची जहाजं कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात, आणि परतताना रेशीम, चिनी मातीची भांडी, गारा साड्यांचं भरतकाम घेऊन येत. त्या घरांतून चिनी जेडही आला. सर रतन टाटा यांचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, त्यात चिनी जेड पाहायला मिळतो. श्रीमंतांचा माल संग्रहालयात गेला. मध्यम घरांतला कपाटात राहिला आणि पिढ्या बदलल्यावर मोडीत यायला लागला.

मोडीत जेडचं काय होतं ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. सराफ कोंदण उघडतो, खडा चिमट्यानं काढतो, सोनं तापवतो. खड्याचं वजन वजा. म्हणजे जेड जितका मोठा तितकी मालकीण तोट्यात. गिरगावातल्या माझ्या ओळखीच्या एका सराफाकडे मी एकदा बांगडीचा फासा दुरुस्त करायला गेले होते. समोर पानाच्या आकाराचा एक ब्रोच, हिरव्यात पांढरा मिसळलेला, आणि चिमटा जवळ येत चाललेला. मी म्हटलं, "शेठ, जरा थांबा." मागे चिनी अक्षरांचा शिक्का होता. आयग्लासखाली झिलईत बारीक बारीक खळगे दिसले. जेडाइटच्या जुन्या कामात कमी-अधिक कठीण दाणे असे वर-खाली झिजतात. प्रयोगशाळेत नेऊन दगडात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिलं, आकडा १.६६. नेफ्राइट असता तर १.६१ आला असता, सर्पेंटाइन असता तर १.५६.

शेठनं त्याच संध्याकाळी ब्रोच मोडीत दिलेल्या बाईंना फोन केला. त्या आल्या, ब्रोच परत घेऊन गेल्या. मला तो मिळाला नाही. मिळाला असता तर आवडलं असतं. पण त्यानंतर शेठ मला न दाखवता हिरवा खडा काढेनात. आणि एक दिवस म्हणाले, "ताई, वडिलांच्या वेळची डबी आहे, बघायची का?" बहुतेक जुन्या पेढ्यांवर अशी डबी असते. निघालेले खडे, ज्यांच्या मालकांचा आता पत्ता नाही. त्यात मुख्य भरणा काचेचा, हिरव्या ऑनिक्सचा आणि भट्टीतल्या माणकांचा. व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२मध्ये माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यापासून अशी माणकं जगभर पसरली, त्यामुळे जुना दागिना म्हणजे अस्सल माणिक हा समजही सोडून द्यावा. पण त्या डबीच्या तळाशी जेडाइटचे काही घुमटाकार खडे होते. आम्ही बसून भाव ठरवला. ते खुश, मी खुश. माझ्या संग्रहातला सर्वांत चांगला हिरवा रंग त्या डबीतून आला आहे.

असे जुने खडे मला नव्यांपेक्षा अधिक खात्रीचे वाटतात, त्याचं तांत्रिक कारण आहे. व्यापारात जेडाइटचे अ, ब, क असे दर्जे सांगतात, आणि ते सौंदर्याचे नसून उपचारांचे असतात. 'अ' म्हणजे वरून मेण लावण्यापलीकडे काही न केलेला. 'ब' म्हणजे आम्लात बुडवून डाग धुऊन काढलेला आणि पोकळ झालेल्या फटींत प्लास्टिकसारखं रेझिन भरलेला. 'क' म्हणजे रंगवलेला. ब-प्रकार १९८०च्या दशकात बाजारात उतरला. त्याआधीच्या कोंदणात मूळचाच बसलेला खडा असेल तर तो रेझिनचा असण्याची भीती जवळजवळ उरत नाही. रंगाची मात्र उरते, कारण रंगवण्याची विद्या जुनी आहे. म्हणून हिरवा रंग भेगांच्या रेषांत साचलाय का, हे बघावंच लागतं. रेझिन भरलेल्या बांगडीच्या पृष्ठभागावर आयग्लासखाली जाळीसारख्या रेघा दिसतात आणि दोऱ्याला टांगून नाण्यानं वाजवली तर नाद बसका येतो. शेवटचा शब्द इन्फ्रारेड चाचणीचा. मोठ्या किमतीच्या जेडाइटला तिचा दाखला नसेल तर तो घेऊ नये.

तिसरी जागा परदेशातल्या गावोगावच्या लिलावांची. मुलगी लंडनमध्ये हॅरोला राहते, तिच्याकडे गेले की मी लिलावांच्या याद्या चाळते. या याद्यांत 'हार्डस्टोन' असा एक शब्द असतो. वस्तू कोणत्या दगडाची हे तपासलेलं नसेल, किंवा लिहून अडकायचं नसेल, तर यादी करणारा 'हार्डस्टोन' लिहून मोकळा होतो. तो शब्द दिसला की मी आदल्या दिवशीच्या पाहणीला जाते. पाहणीत वस्तू हातात घेता येते, आणि लिलावातल्या खऱ्या खरेदीचं काम तिथेच होतं. एकदा अॅगेटची रक्षापात्रं आणि शंखजिऱ्याची माकडं यांच्या ट्रेमध्ये एक पट्ट्याचा आकडा होता. एका टोकाला ड्रॅगनचं डोकं, पाठीवर दुसरा लहान ड्रॅगन चढतोय, रंग राखाडी, त्यात तपकिरी शीर. लहान ड्रॅगनच्या पोटाखालची पोकळ जागा मी टॉर्चनं पाहिली. नव्या नकलेत तिथे चाकाच्या कर्कश सरळ रेघा तशाच सोडलेल्या असतात, कारण तिथे हात पोचत नाही आणि वेळ पैसा खातो. इथे तीही जागा झिलई केलेली होती.

तो आकडा स्वस्त जाणार हे मला रंगावरून कळलं. चिनी खरेदीदार आता इंग्लंडच्या लहान लिलावघरांतही येतात, पण त्यांना पांढरा हवा. मेंढीच्या चरबीच्या रंगाचा म्हणून जो नेफ्राइट ते नावाजतात, तो आता कुणाच्या नजरेतून सुटत नाही. राखाडी, शेवाळी, काळपट मात्र सुटतो, काम उत्तम असलं तरी. संग्राहकानं फॅशनच्या विरुद्ध बाजूला उभं राहावं, याचा व्यवहारातला अर्थ इतकाच: रंगाचे पैसे देऊ नका, हाताच्या कामाचे द्या. लिलावाला बसताना हेही लक्षात ठेवायचं की हातोडी पडते त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि कर चढतो. आपली मर्यादा तो धरून आधी कागदावर लिहायची आणि तिच्यापुढे हात वर करायचा नाही. तो आकडा आजही मुलीच्या घरी काचेच्या कपाटात आहे. जावई त्याला 'आईंचा सरडा' म्हणतात.

या तिन्ही जागांच्या उलट हाँगकाँग. यौ मा तेच्या कान्सू स्ट्रीटवरच्या जेड बाजारात मी गेले ती स्वस्त काही मिळेल म्हणून नव्हे. जिथे प्रत्येक फेरीवाल्याला जेड कळतो तिथे तुमच्यासाठी चुकून काही राहिलेलं नसतं, आणि जे राहिल्यासारखं वाटतं ते रेझिनचं असतं. तिथे जायचं शिकायला. एकाच रंगाचे अ आणि ब शेजारी ठेवून पाहायला मिळतात, आणि तशी शाळा दुसरीकडे नाही. तिथल्या जुन्या दलालांची कापडाखाली बोटं दाबून भाव करण्याची रीत वाचली होती. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली चालायचं तेच. बघ्यांना आकडा कळू नये, ही गरज सांगलीत आणि हाँगकाँगमध्ये सारखीच.

बर्माचे अखंड धोंडे विकत घेण्याचा एक जुगार चालतो. वरची साल तशीच ठेवून एक लहानशी खिडकी घासलेली असते आणि आत काय निघेल यावर बोली लागते. मी त्यात पडले नाही. आणि नवा बर्मी जेडाइटही घेत नाही. काचिन प्रांतातल्या फाकांतच्या खाणींत २ जुलै २०२० रोजी मातीचा ढिगारा कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. ती खाणीतली पगारी माणसं नव्हती. यंत्रांनी टाकून दिलेल्या मातीत जेडचे तुकडे वेचणारी गरीब पोरं होती. जुना खडा घेतल्यानं ती वाचणार नाहीत, हे मला कळतं. तरी माझ्या पैशानं आणखी एक ढिगारा उपसला जाऊ नये, एवढं पाहणं माझ्या हातात आहे.

आता अवघड भाग. समोरच्याला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, हीच तर संग्राहकाची कमाई. मग ती लूट कधी होते? माझ्यापुरती मी रेघ आखली आहे. ज्याचा धंदाच वस्तू विकण्याचा, त्याच्याशी बाजाराचे नियम. त्यानं सांगितलेली किंमत मी देते. ओळखणं त्याचंही काम होतं. पण घरातली वस्तू घेऊन जो माणूस येतो, त्याच्याशी तो नियम चालत नाही. आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर तपासणीला आलेली वस्तू मी कधीच घेत नाही, मालक स्वतः म्हणाला तरी.

ताडदेवच्या एक वृद्ध पारशी बाई आईची बांगडी घेऊन आल्या होत्या. अखंड जेडाइटची, फिकी जांभळी आणि एका बाजूला हिरवी. त्यांना वाटत होतं काचेची आहे, फक्त दाखला हवा म्हणजे भाचीला सांगता येईल. मी तपासून सांगितलं. त्या बराच वेळ बांगडीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "डीकरी, तूच लई जा नी. मारी भाची तो पहेरशे नहीं." भाव त्यांनी सांगितला असता तोच झाला असता. मी त्यांना दोन लिलावघरांचे पत्ते लिहून दिले आणि अहवालावर सही केली. तपासणारा आणि घेणारा एकच असेल तर त्या सहीला अर्थ राहत नाही. ही माझी थोरवी नव्हे, धंद्याची अट आहे; रत्नपरीक्षकाकडे विकण्यासारखा दुसरा माल नसतो.

आज माझ्याकडे जे आहे ते एका लहान कपाटात मावतं. त्याची बाजारातली किंमत मी काढत नाही, कारण मुंबईत ती देणारा बाजारच नाही. स्वस्त मिळालेली वस्तू विकतानाही स्वस्तच जाते, हे या छंदाचं कडू गणित नव्या माणसानं आधीच गिळावं. विकायला घेणाऱ्यानं हिरे घ्यावेत. जेड त्यानं घ्यावा ज्याला मुहनालीतली ती दोन भोकांच्या मधली पायरी बघून आनंद होतो.

आणि ज्यांना संग्रह वगैरे काही करायचा नाही त्यांना एक विनंती. आजीच्या डब्यात हिरव्या, पांढऱ्या, जांभळट दगडाचं काही असेल, मागे चिनी अक्षरांचा शिक्का असेल, किंवा राखाडी दगडावर सोन्याच्या बारीक खोबणी असतील, तर ते मोडीत घालण्याआधी रत्नप्रयोगशाळेत दाखवा. कोंदण फोडू देऊ नका; जुनं कोंदण हाच त्या खड्याच्या वयाचा पुरावा असतो. सुरी लावू देऊ नका. तपासणीनंतर ती काच निघाली, तर फार तर तपासणीचे पैसे जातील. जेड निघाला तर विका, ठेवा किंवा घाला, पण काय आहे ते कळून करा.